अंथरुणं हलवायचा दिवस

बुधवारी सकाळी तो उठला, नेहमीसारखं उजवीकडे वळायचं सोडून डावीकडे वळला, आणि त्याचं कपाळ लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. आवाज एवढा झाला की बायको उठून बसली. तिनं दिवा लावला, त्याचं कपाळ पाहिलं, ओला फडका आणून दाबून धरला आणि मग म्हणाली, "बावीस वर्षं कपाट तिथंच आहे. आज काय त्याला भेटायला निघाला होतात?" दुखत होतं, पण दुखण्यापेक्षा त्याला नवल वाटत होतं. कारण आपटायच्या आधीच्या क्षणी त्याचा हात पुढे गेला होता, अंदाजानं नाही, खात्रीनं, आणि बोटं एका लाकडी अडसराच्या उंचीवर जाऊन थांबली होती. "दार होतं तिकडे," तो म्हणाला. "कुठलं दार?" बायकोनं विचारलं. त्यानं कपाटामागच्या भिंतीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "रविवारी आईंना आणायला जायचंय, त्याचा घोर लागलाय तुम्हाला. दुसरं काही नाही." आणि ती चहा टाकायला गेली. बायकोचं सहसा चुकत नसे. पण घोर लागलेला माणूस भिंतीत दार कसं शोधेल, हे काही त्याला उमगेना.

तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा. पुढच्या काउंटरवर नव्हे, मागच्या खोलीत. तिथं काच घासायची दोन चाकं होती, एक टेबल आणि एक नळ. काच फ्रेमच्या मापाला घासून घासून तिच्यात बसवायची, हे त्याचं काम. चाकावर सतत पाण्याची धार लागते, नाही तर काच तापून तडकते, त्यामुळे माणसाचे हात दिवसभर ओलेच. सव्वीस वर्षांत त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. लोकांच्या नजरेचं त्याला सगळं कळे. कुणाच्या उजव्या डोळ्याला लांबचं दिसत नाही, कुणाच्या दोन डोळ्यांत जमत नाही, हे तो काच हातात घेताच सांगायचा. त्याच्या हाताखाली शिकून तयार झालेला आणि आता त्याच्या शेजारच्या चाकावर बसणारा काडी नावाचा एक किडकिडीत गृहस्थ होता. चाळिशी उलटली तरी त्याला सगळे काडीच म्हणत. काडीनं कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि म्हणाला, "वहिनींचा हात लागला?" तो हसला. पण चाक सुरू केल्यावर मन पुन्हा त्या दारापाशी गेलं. आता बोटांना अडसर स्पष्ट आठवत होता. मधोमध झिजून गुळगुळीत झालेला, टोकाला एक गाठ असलेला. ते स्वयंपाकघराचं मागचं दार होतं. आईबाबांच्या घराचं. आणि अंथरुणातून उठून डावीकडे वळलं की ते दार, असं वर्षातून चारच महिने असायचं.

ते घर शेवटच्या बसथांब्यापासून तासभर चालून गेल्यावर, टेकडीच्या पोटात होतं. दुसरं घर उताराखाली, हाक मारली तर ऐकू जाईल न जाईल इतकं लांब. वारा, पाऊस, ऊन या घरात पाहुण्यासारखे येत नसत, घरच्यासारखे शिरत. म्हणून त्या घरात माणसं बारा महिने एका जागी झोपत नसत. उन्हाळ्यात अंथरुणं पडवीत. पावसाळ्यात जमीन पाझरायची, तेव्हा माळ्यावर. थंडीत स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला. वर्षातून तीनदा सगळी बिछायत हलायची आणि तो दिवस ठरलेला असायचा, म्हणजे तारखेनं नव्हे, बाबांच्या शब्दानं. बाबा सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "आज अंथरुणं हलवायची." आई आतून विचारायची, "किती?" बाबा म्हणत, "तीन." इतकंच. मग आई आणि तो गाद्या वाहत आणि बाबा खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत. ती इकडे ओढा, हिला उलटी घाला, चादर झटका. एका गादीलाही हात लावत नसत. सांगणाऱ्यानं वाहायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी त्याला वाटायचं की ऋतू बाबांच्या ऐकण्यात आहेत. बाबा म्हणाले नाहीत तर थंडी पडणार नाही. थंडीत स्वयंपाकघरात झोपताना जागा ठरलेल्या असत. चुलीजवळ आई, मधे बाबा, आणि दाराशी तो. सकाळी डावीकडे वळलं की अडसर, अडसर काढला की थंडीचा एक लोट अंगावर, आणि मागून बाबांचा आवाज, "दार ओढून घे रे, आख्ख्या डोंगराला ऊब द्यायचीय का?"

बाबा पावसाळ्याच्या शेवटी गेले. माळ्यावर, झोपेत. तो पोचला तेव्हा उताराखालच्या घरातली माणसं आणि आणखी दोघे-तिघे जमले होते आणि बाबांना माळ्यावरून खाली कसं आणायचं, यावर हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं. शिडी उभी, अकरा पायऱ्यांची, आणि सातवी पायरी निसटती. शेवटी चादरीत बांधून, दोर लावून उतरवलं. वरून दोघांनी सोडायचं, खालून दोघांनी धरायचं. खालून धरणाऱ्यांत तो होता. बाबा त्याच्या अंगावर आले तेव्हा त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार हलके होते. ते हलकेपण त्याच्या हातांत राहिलं. पुढे कित्येक दिवस काच उचलताना मधेच ते आठवायचं आणि तो काच खाली ठेवायचा. आठ दिवस तो तिथं राहिला, माळ्यावर आपल्या जागी झोपला, मग परत आला. निघताना तो आईला म्हणाला, "आता एकटी कशाला राहतेस? चल माझ्याकडे." आई म्हणाली, "अंथरुणं हलवायचा दिवस जाऊ दे, मग बघू." त्यानं त्याचा अर्थ थंडीपर्यंत थांब, असा घेतला. शहरात गॅलरीला लागून एक छोटी खोली होती, ती त्यानं रिकामी केली. बायकोनं नवा पडदा शिवला. खाट घेतली. टेकडीवरच्या घरासाठी पितळी कुलूप घेतलं, चांगलं जड, आणि गेले आठ दिवस ते त्याच्या डब्याच्या पिशवीतच पडून होतं. येत्या रविवारी गाडी ठरवली होती. आईनं ना हो म्हटलं होतं, ना नाही. पण नाही म्हटलं नाही म्हणजे हो, असा त्यानं आणि बायकोनं मिळून निकाल लावला होता.

आईचा फोन रविवारी सकाळी यायचा. घरात फोन लागत नसे. फाटकाजवळच्या दगडावर उभं राहिलं तरच लागायचा, म्हणून त्याला उलटा फोन करायची सोयच नव्हती. गेल्या तीन रविवारी काय बोलणं झालं, ते तो चाक फिरवता फिरवता आठवू लागला. पहिल्या रविवारी आई म्हणाली, "तिकडे थंडी पडली का?" तो म्हणाला, "कसली थंडी? पंखा लावून झोपतो." दुसऱ्या रविवारी तिनं पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, "शहरात कुठून येणार थंडी? तू स्वेटर घालतेस ना?" तिसऱ्या रविवारी ती थोडी खोकली. "काय झालं?" त्यानं विचारलं. "घसा धरलाय," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पहाटे पाणी बोचायला लागलंय." तो म्हणाला, "तुला पाणी तापवायचं मशीन घेऊन देऊ का? की आता इथंच येतेस तर कशाला?" आई म्हणाली, "बरं, ठेवते." आणि ठेवला. त्याला तेव्हा समाधान वाटलं होतं की आपण आईची एवढी काळजी घेतो.

दुपारच्या सुमारास काडी नळावर काचा धूत होता. त्यानं हात झटकले, काखेत घातले आणि म्हणाला, "आज पाणी बोचतंय हो." एवढंच. इकडे याच्या समोरचं चाक फिरत राहिलं, हातातली काच मात्र तिथंच दबून राहिली आणि कड तुटली. बऱ्याच वर्षांत त्याच्या हातून काच तुटली नव्हती. काडी वळून पाहू लागला. पण तो काडीकडे पाहत नव्हता. तो सात-आठ वर्षांचा होता आणि मागच्या अंगणात आई भांडी घासत होती. आई कुणाकडेही न बघता म्हणाली होती, पहाटे पाणी बोचायला लागलं. बाबा तिथंच दात घासत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची टाकून म्हणाले, आज अंथरुणं हलवायची. उन्हाळ्यात आई म्हणायची, घामानं उशी ओली होते. पावसाच्या आधी म्हणायची, मुंग्या अंडी घेऊन वर चालल्या. आणि दुसऱ्या दिवशी बाबांना जणू स्वतःला सुचल्यासारखं सुचायचं. ही दोन टोकं त्यानं लहानपणी शेकडो वेळा पाहिली होती, पण एकाला दुसरं कधी जोडलं नव्हतं. आणि त्यामागोमाग दुसरी आठवण आली. याच वर्षी, पावसाच्या तोंडावर, तो दोन दिवस घरी गेला होता. बाबांना दम लागत होता. खुर्चीत बसून ते म्हणाले होते, "यंदा तू सांग." तो हसला होता. पण बाबा वाट पाहत बसले, तेव्हा त्यानं म्हटलं, "आज अंथरुणं हलवायची." आतून आई म्हणाली, "किती?" तो म्हणाला, "तीन." बाबांनी मान हलवली. "आवाज जरा बसका आहे. पण चालेल. पुढच्या वेळेपासून तूच सांगायचं." त्याला ती म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटली होती. आईला ती गंमत वाटली नव्हती. आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

म्हणजे आई अजून माळ्यावर झोपत होती. थंडी पडून तीन आठवडे झाले होते, कौलांच्या फटींतून वारा येत असणार, आणि चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे धरलेली बाई रोज त्या शिडीवरून वर जात होती आणि पहाटे खाली येत होती, कारण सांगणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं, थंडी पडली का. त्यानं सांगितलं, पंखा लावून झोपतो. तिनं बोचणारं पाणी त्याच्या कानात घातलं. त्यानं मशीन देऊ केलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती. सातवी पायरी. रविवारपर्यंत चार दिवस होते. चार दिवस म्हणजे शिडीवरून आठ खेपा. "मालकांना सांग, मी निघालो," तो काडीला म्हणाला. "कपाळ दुखतंय का?" काडीनं विचारलं. "हो," तो म्हणाला. बायकोला त्यानं बसथांब्यावरून फोन केला. "आज जातोय." ती म्हणाली, "आज? गाडी तर रविवारची आहे. आणि आजच सगळं सामान कसं आवराल?" तो म्हणाला, "आवरायला नाही जात. आई अजून माळ्यावर झोपतेय." बायकोलाही शिडी माहीत होती. ती म्हणाली, "जा. आणि तापाच्या गोळ्या घेऊन जा."

बसमध्ये खिडकीची काच खडखडत होती. त्याला राग यायला लागला, आणि राग आला की बरं वाटायला लागलं. काय हा हट्ट. सरळ सांगायला काय झालं होतं? अरे, बाबा गेले, तू सांग, एवढं म्हणायला किती शब्द लागतात? नाही तर उठून गाद्या खाली ओढायच्या. कोण विचारणार होतं? त्या ओसाड टेकडीवर नियम मोडला म्हणून कोण पकडायला येणार होतं? माणसानं परिस्थिती पाहायची की नाही? असं तो मनातल्या मनात आईशी भांडत राहिला, आणि तिच्या बाजूनं उत्तरंही तोच देत राहिला, आणि उत्तरं पटत नव्हती. आई काही बाबांच्या धाकातली नव्हती. बाबांना तिनं जन्मभर असं चालवलं होतं की ते स्वतःच चालताहेत असं त्यांना वाटे. मग अशा बाईनं तीन आठवडे कुडकुडत का पडून राहावं? हा प्रश्न सुटला नाही. बस शेवटच्या थांब्यावर आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. तो चालू लागला. पाऊलवाटेवर गवत वाळून आडवं झालेलं. पिशवीतलं कुलूप प्रत्येक पावलाला मांडीवर आपटत होतं, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की तेही बरोबर आलंय.

दिवस मावळायला आला होता तेव्हा तो फाटकाशी पोचला. अंगणात कुणी नव्हतं. बाबांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. स्वयंपाकघरात चूल विझलेली, धुतलेलं एक ताट, एक वाटी, पालथी. त्यानं हाक मारली. वरून खोकल्याचा आवाज आला. आई उजेड असतानाच वर जात असे, नंतर पायऱ्या दिसत नाहीत म्हणून. तो शिडीखाली क्षणभर उभा राहिला. इथंच त्यानं हात वर करून बाबांना धरलं होतं. मग तो चढला. सातव्या पायरीवर पाय ठेवताच ती फिरली आणि त्यानं दोन्ही हातांनी शिडी आवळली.

माळ्यावर अंधूक उजेड होता. तीन अंथरुणं होती, पावसाळ्यात घातली होती तशीच. कडेला आई, अंगावर दोन गोधड्या आणि बाबांचा जुना कोट. मधलं अंथरूण बाबांचं, उशीला खळगा तसाच. आणि तिसरं त्याचं, झटकून नीट घातलेलं, जणू रोज कुणी तिथं झोपत होतं. कौलांतून वारा सरळ येत होता. तो आईजवळ बसला आणि तिच्या कपाळाला हात लावला. ते तापलेलं होतं. "रविवारी येणार होतास ना?" आई म्हणाली. "कपाळाला काय झालं?"

"आपटलं," तो म्हणाला. "आई, मला कळलं नाही गं. तू तीनदा सांगितलंस, मला कळलं नाही."

आईनं कोट गळ्याशी ओढून घेतला. तो म्हणाला, "पण तू हलवायची होतीस ना. कुणाची वाट बघायची असते का अशी? पडली असतीस म्हणजे?"

"हलवणार होते," आई म्हणाली. "दोनदा उठले. तुझी गादी गुंडाळलीसुद्धा एकदा. तुझी काय, तू गेल्यापासून आम्ही दर वेळेला हलवतोच. ते तीनच म्हणायचे." तिला खोकला आला. तो थांबल्यावर ती मधल्या अंथरुणाकडे बघत म्हणाली, "मग यांच्या गादीशी आले आणि बसून राहिले. ही न्यायची की नाही, ते मला ठरवता येईना. न्यावी तर कुणासाठी? आणि इथंच टाकून एकटीनं खाली जायचं, तेही होईना. म्हटलं, ज्याला सांगायला ठेवलंय तो सांगेल."

तर हे असं होतं. बसमध्ये तो ज्या प्रश्नाशी झोंबत होता त्याचं उत्तर हाताच्या अंतरावर अंथरलेलं होतं, खळग्याच्या उशीसकट. आईला थंडी पडली का नाही, हे त्याच्याकडून ऐकायचंच नव्हतं. तिला एक आकडा ऐकायचा होता, आणि तो तिच्या स्वतःच्या तोंडून निघत नव्हता. त्याला रडू आलं, पण त्यानं ते आवरलं, कारण बसका आवाज चालेल असं बाबा म्हणाले होते, रडका चालेल असं म्हणाले नव्हते. त्यानं घसा साफ केला.

"आज अंथरुणं हलवायची," तो म्हणाला.

आई उठून बसली. पदर सारखा केला. "किती?" तिनं विचारलं.

खाली कुठंतरी दार वाऱ्यानं हललं. तो गाद्यांकडे बघत होता. त्याला आठवतं तेव्हापासून या घरात तीनच म्हटलं गेलं होतं, तो असो वा नसो. तीन म्हणणं किती सोपं होतं. जीभ तिकडेच वळत होती. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टर काय सांगतो म्हणून बघावं तशी.

"दोन," तो म्हणाला.

आईनं डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले. मग हळूच म्हणाली, "बरं." तिनं हात लांब करून बाबांच्या उशीवरून फिरवला, खळगा सपाट केला आणि उशी भिंतीशी ठेवली. गादी तिनंच गुंडाळली. त्याला हात लावू दिला नाही.

खाली उतरताना तो पुढे होता आणि ती त्याच्या वर, प्रत्येक पायरीला तिचा पाय हातानं धरून तो जागेवर ठेवत होता. सातव्या पायरीला ती म्हणाली, "ही तुझ्या बापानं दहा वर्षं दुरुस्त करायची ठेवली होती." मग त्यानं दोन गाद्या खाली आणल्या, आणि आई पाटावर बसून सांगू लागली, ती इकडे ओढ, हिला उलटी घाल. त्यानं चूल पेटवली, पाणी ऊन केलं, गोळी काढायला पिशवीत हात घातला तर आधी कुलूप हाताला आलं. आईनं ते पाहिलं.

"या घराला आणलंस?"

"हो."

आईनं ते हातात घेतलं, वजन अजमावलं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "फळीवर ठेव. आणखी एक-दोन वर्षांनी लागेल." त्यानं ठेवलं. रविवारची गाडी, पडदा, खाट, सगळं त्याला आठवलं, बायकोला काय सांगायचं तेही आठवलं, पण त्यानं विषय काढला नाही आणि आईनंही काढला नाही. गोळी घेऊन ती चुलीजवळ आडवी झाली. त्यानं आपली गादी जुन्या जागी, दाराशी घातली. आडवा झाल्यावर हात डावीकडे गेला आणि अडसराला लागला, तसाच गुळगुळीत. दाराच्या फटीतून गार वारा येत होता. त्याच्या आणि आईच्या मधे एका गादीएवढी जमीन मोकळी होती आणि तिच्यावर चुलीचा उजेड पडला होता.

"उन्हाळ्यात येशील ना सांगायला?" आईनं विचारलं.

"येईन. उशी ओली व्हायला लागली की कळव."

"कळवेन." ती कुशीवर वळली. त्याला वाटलं, तिला झोप लागली. मग ती म्हणाली, "दाराशी नको झोपूस. अलीकडे सरक. जागा आहे."

तो उठला आणि त्यानं गादी मधे ओढून घेतली.